कोणत्याही किल्लीचं कुलूप

मुलीच्या लग्नात वडील काय काय देतात. माझ्या वडिलांनी मला कानशी दिल्या. एक चपटी, एक गोल, एक तिधारी आणि एक इतकी बारीक, की तिला घरात सगळे उंदराची शेपटी म्हणायचे. रुखवतात मोत्याच्या तोरणाशेजारी आईने त्या मांडू दिल्या नाहीत. मग मी त्या शालूच्या घडीत लपवून आणल्या. सासरी शालू उलगडला तेव्हा नणंदेच्या पायावर चपटी कानस पडली आणि माझी कीर्ती माझ्या आधी घरात पोचली.

वडिलांचं पुसदला हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानाच्या एका कोपऱ्यात चाव्या बनवायचं मशीन होतं आणि कॉलेज सुटलं की मी त्या मशीनवर बसायची. चावी म्हणजे दाते, असं लोकांना वाटतं. दाते नंतरची गोष्ट. आधी चावी कुलपात शिरायला हवी. प्रत्येक कंपनीच्या कुलपाचं तोंड निराळं. कोणाला डावीकडे खाच, कोणाला उजवीकडे, कोणाच्या मध्येच एक बारीक कणा. त्या कंपनीची कोरी चावी दुकानात नसली की दुसऱ्या कंपनीची घ्यायची, तिच्या अंगावर कानस फिरवून तिला बारीक करायची, जिथे जागा हवी तिथे खाच पाडायची, आणि परक्या कुलपात नांदायला पाठवायची. मला हे इतकं जमायला लागलं की मी सगळ्या जगाला सांगत सुटले, कोणत्याही कंपनीची चावी द्या, कोणत्याही कंपनीच्या कुलपात घालून दाखवते. वडील म्हणायचे, "बारीक केलेली चावी उघडते बाई, पण मोडतेही." वडिलांचं ऐकायची सवय मला नव्हती. तशी ती अजूनही नाही, फक्त आता ऐकवायला वडील नाहीत.

सासर फुलसावंगीचं. घरात सगळे कचेरीतले. सासरे तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, नवरा रोज सकाळच्या बसने महागावच्या कचेरीत जाणारा. मी सासऱ्यांना मामंजी म्हणायची, गाव त्यांना बाबूजी म्हणायचं. बदली झाली की लोक तिथला नावाजलेला पदार्थ घरी आणतात. मामंजी कुलूप आणायचे. वणीचं एक, दारव्ह्याचं एक, उमरखेडच्या बाजारातलं एक, कोणीतरी अलिगडहून आणून दिलेलं एक. घरातल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, पेटीला निराळ्या कंपनीचं कुलूप होतं आणि सगळ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा मामंजींच्या जानव्याला बांधलेला. ते चालायला लागले की आम्हाला आतल्या खोलीत कळायचं. देवाला नमस्कार करायला वाकले की घंटेची गरज नसायची.

त्या सगळ्यांत मानाचं कुलूप कापसाच्या खोलीचं. त्या खोलीत परका कापूस कसा आला ते सांगते. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. घरं लहान, त्यातच चूल, त्यातच कापूस. एका वर्षी एका घरात ठिणगी पडली आणि अख्खा ढीग गेला. तेव्हापासून तांड्यातली काही घरं वेचलेला कापूस आमच्या मागच्या टिनाच्या खोलीत आणून ठेवायला लागली. प्रत्येकाचा ढीग वेगळा, मध्ये जुन्या लुगड्यांचे पडदे. भाडं नाही, पावती नाही. बाबूजींनी कुलूप लावलं म्हणजे झालं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की आत काय लिहिलं असेल ते न वाचताच कळायचं. सीतादही करून, म्हणजे शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पहिला वेचा घरी आणताना बायका हसायच्या, आणि मग सगळे आज भाव चढेल, उद्या चढेल म्हणत कापूस धरून बसायचे. आमच्या घरात कापसाचे तंतू भाजीत, अंथरुणात, नवऱ्याच्या मिशीत. मी सारखी अंग खाजवत चिडायची. मामंजी मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसायचे. कोणीतरी डोक्यावर गाठोडं घेऊन यायचं, "बाबूजी, चाबी" म्हणायचं, आणि मामंजी एखादा साहेब सहीला उठावा तसे उठायचे. सासूबाई गेल्यानंतर आणि नोकरी संपल्यानंतर त्यांच्याकडे उरलेली ही एकच कचेरी होती.

आणि एका हिवाळ्यात त्यांना किल्ल्या ओळखू येईनाशा झाल्या.

डोळ्यांचा दोष म्हणावा तर मोतिबिंदू काढून झाला होता, पेपर ते चष्म्याशिवाय वाचायचे. पण कुलपापुढे उभे राहिले की जुडग्यातली कोणती, तेच आठवायचं नाही. एक घालायचे, काढायचे, दुसरी घालायचे. एका सकाळी तांड्यातल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन उभ्या आणि मामंजी एकेक किल्ली लावून बघताहेत. बायका जमिनीकडे बघत होत्या. शेवटी उघडलं, पण मामंजी आत आले ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, मी तांड्याच्या नायकाला निरोप पाठवतो. आता त्यांनी माल दुसरीकडे ठेवावा. ज्याला स्वतःची किल्ली सापडत नाही त्याने दुसऱ्याचा माल सांभाळू नये."

मला गलबलून आलं. हा माणूस उद्यापासून शर्टाला इस्त्री करणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. मी म्हणाले, "निरोप नका पाठवू. मी आहे ना!"

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यापासून सुरू झाली आहेत.

पहिला उपाय मी फार विचार करून काढला. प्रत्येक किल्लीला रंगीत दोरा. कापसाच्या खोलीला लाल, देवघराच्या कपाटाला पिवळा, धान्याच्या कोठीला हिरवा. मामंजींनी तो जुडगा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मी बालवाडीत आहे का?" दुपारी दोरे केराच्या टोपलीत होते. लाल कशाचा होता ते मलाही एव्हाना आठवत नव्हतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसरा उपाय माझ्या कीर्तीला शोभेसा होता. घरातल्या सगळ्या कुलपांना चालेल अशी एकच चावी करायची. त्यासाठी सगळ्या किल्ल्यांचे ठसे हवे. मामंजी आंघोळीला जाताना जुडगा सोडून खिडकीत ठेवायचे, तेवढाच वेळ. मी कपड्याच्या साबणाच्या वडीवर एकेक किल्ली दाबत बसले. स्वतःच्याच घरात चोरी शिकणारी सून मी पहिलीच असेन. त्यातच मोलकरीण ती वडी उचलून घेऊन गेली आणि कापसाच्या खोलीची किल्ली नवऱ्याच्या पायजम्यावर घासून संपली. पुन्हा दुसऱ्या दिवशी, पुन्हा नवी वडी. असे ठसे जमवून मी आधी प्रत्येक किल्लीची जोडचावी बनवून घेतली आणि मग त्या सगळ्यांचं सार एका चावीत उतरवायला बसले. या तोंडात शिरावी म्हणून डावीकडून घासली, त्या तोंडात शिरावी म्हणून उजवीकडून, मधल्या कण्यासाठी खाच पाडली. सगळ्यांची मर्जी राखता राखता ती चावी इतकी बारीक झाली की उजेडापुढे धरली तर लाज वाटावी. पण उघडत होती! मी ती मामंजींना दिली आणि म्हटलं, "आता निवडायचंच काम नाही."

तांड्यातले लोक आले, मामंजी उठले, माझी चावी कुलपात घातली, फिरवली, आणि त्यांच्या हातात फक्त मूठ राहिली. बाकीची चावी कुलपाच्या पोटात. मी ओसरीवरून धावत गेले आणि सगळ्यांसमोर छत्रीची काडी, टाचणी आणि शेवटी अंबाड्यातली आकड्याची पिन घालून तो तुकडा ओढून काढला. माझे केस मोकळे, कपाळावर कुंकवाचा ओघळ. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला सगळेच याडी म्हणायचे, म्हणजे आई, ती पदरात तोंड लपवून हसत होती. मामंजी शांतपणे म्हणाले, "कुलूप जुनं झालं." त्यांनी माझी लाज झाकली. वडिलांचं वाक्य मला तेव्हा आठवलं, पण वेळेवर आठवलं असतं तर ती मी कसली.

मग रात्रभर तळमळून, म्हणजे खरं तर अंगाला खाज सुटली होती म्हणून जागी राहून, मला उलटं सुचलं. चावी कशाला सगळ्यांची करायची? कुलूपच सगळ्यांचं करावं. जुडगा त्यांचा तोच राहू दे, जानव्याला तसाच वाजू दे. हात पडेल ती किल्ली चालेल, अशी सोय कुलपात करायची.

मामंजी दुपारी झोपले की मी मागच्या अंगणात बसायची. जोडचावीने कुलूप उघडायचं, त्याची रिबिटं घासून काढायची, पोट उघडायचं. आत ज्या पट्ट्या असतात, ज्या योग्य किल्लीनेच उचलल्या जातात, त्या काढून टाकायच्या. तोंडातला कणा उंदराच्या शेपटीने घासून सपाट करायचा, खाचा रुंद करायच्या. जी किल्ली तरीही जाडीमुळे अडेल तिच्या अंगावर मामंजींच्या आंघोळीच्या वेळात दोन हात कानस. एक पट्टी मात्र मी आत ठेवली, तीही झिजवून. कारण मामंजी किल्ली हाताने कमी आणि कानाने जास्त फिरवायचे. 'कट्' झाल्याशिवाय त्यांना कुलूप उघडल्याचं पटायचं नाही. त्या आवाजापुरती पट्टी. पुन्हा रिबिटं ठोकायची, वर थोडी माती चोळायची, कुलूप जागेवर. कापसाच्या खोलीचं आधी केलं, मग एकेक करून घरातली सगळी. त्या दिवसांत आमच्या घरात एकही कुलूप नव्हतं. होत्या त्या नुसत्या कड्या, कुलपांचा वेष घेतलेल्या.

पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मामंजींनी जुडग्यात हात घातला, थांबले, आणि देवघराच्या कपाटाची किल्ली काढली. कापसाच्या कुलपात घातली. कट्. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पोळी करपवली.

मला वाटलं होतं, मला आता समाधानाने जगता येईल. पण मामंजींचा आत्मविश्वास असा परतला की घरात राहणं कठीण झालं. ते नवऱ्याला म्हणायचे, "छत्री विसरून येतोस? माझं वय बघ. एका झटक्यात किल्ली निवडतो." मी भाजीत मीठ विसरले तर, "सूनबाई, लक्ष म्हणजे काय ते जरा माझ्याकडे बघून शिका." मी मान खाली घालून ऐकायची आणि आतून उकळायची. एवढी मोठी कारागिरी आणि कोणाला सांगायची सोय नाही! नवऱ्याला सांगितलं असतं तर तो कुलपं बदलून मोकळा झाला असता. फुलसावंगीत, किंबहुना सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात, हे गुपित ठाऊक असलेली मी एकटीच, या अभिमानावर मी तो हिवाळा काढला.

मग एक दिवस मामंजी डोळे दाखवायला उमरखेडला गेले. नवऱ्याने रजा काढून सोबत नेलं. जुडगा अर्थातच जानव्याला. आणि नेमकी त्याच दुपारी व्यापाऱ्याची गाडी गावात आली. बरेच दिवस पडलेला भाव त्या दिवशी जरा उठला होता. उद्या काय होईल ते कोणी सांगावं. तांड्यातले लोक धावत आमच्या ओसरीवर आले, नायक पुढे, याडी मागे.

"बाबूजी कुठी गेले?" नायकाने विचारलं.

मी सांगितलं, उमरखेडला, संध्याकाळच्या बसने येतील.

नायकाने रस्त्याकडे पाहिलं. गाडीवाला रस्त्यावरून ओरडत होता, माल दाखवा नाहीतर मी वरच्या आळीतला भरतो.  कुलूप मला जोडचावीनेच काय, पोळ्यांच्या उलथण्यानेही उघडता आलं असतं. पण उघडलं तर किल्ली माझ्याकडे कशी हा प्रश्न निघणार, आणि मग या सगळ्यांना कळणार, की ज्या कुलपाच्या भरवशावर यांनी वर्षाची कमाई ठेवली ते कुलूप म्हणजे फसवणूक आहे, आणि बाबूजी महिनोन्महिने कुठलीही किल्ली फिरवताहेत. न उघडलं तर यांचा आजचा भाव जातो. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. शेवटी वाटलं, मामंजींची अब्रू मोठी, पण यांचं पोट त्याहून मोठं. मी आत जाऊन शिलाई मशीनच्या खणातून जोडचावी घेऊन आले आणि म्हटलं, "माझ्याकडे आहे एक. मी उघडते."

"बस बाई," याडी म्हणाली. "बाबूजी येतीन."

"अहो, तोवर गाडी भरेल. मी उघडते ना, ते काही म्हणणार नाहीत."

याडी गुडघ्यावर हात ठेवून उठली. कमरेला खोचलेली तिच्या पेटीची लहानशी चावी तिने काढली, कापसाच्या खोलीपाशी गेली, चावी कुलपात घातली आणि फिरवली. कट्. कुलूप उघडलं. तिने ते मला दाखवलं, आणि पुन्हा दाबून बंद केलं.

"हे तं केव्हाचं उघडून राह्यलं," ती म्हणाली. "माह्या पेटीच्या चाबीनं उघडते. नायकाच्या सायकलच्या चाबीनं उघडते. पोट्टेबी उघडून पाह्यतात, मंग मी मारतो त्याईले."

ओसरीवर बसलेल्या कोणालाही नवल वाटलं नाही. नायक सायकलच्या चाबीने कान कोरत होता. म्हणजे सगळ्या तांड्याला माहीत होतं. जिल्ह्यातलं माझं एकमेव गुपित पोरंसोरं खेळायला वापरत होती. मला इतकी शरम वाटली की मी रागावले. लबाडी उघडी पडली की मी नेहमी आधी रागावते.

"मग माल काढून का नाही नेत?" मी ओरडलेच. "गाडी उभी आहे. भाव आजचा आहे. कुलूप उघडं आहे. बसून काय राहिलात?"

याडीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाजीत मीठ विसरल्यावर मामंजी पाहायचे.

"काहून काढाव? बाबूजींच्या हाती देल्ला. त्याईच्याच हातून घेऊ." मग जरा समजावणीच्या सुरात, "आमचे जुने लोक बैलायवर माल वाह्यत. ज्याच्या हाती गोणी देल्ली, त्याच्याच हातून घ्याची. गोणीचं तोंड उघडं राह्यलं तरी. कुलूप कायले पाह्यजे त्याले?"

"आणि ते किल्ली विसरतात, तेही ठाऊक आहे तुम्हाला?"

"आमचे डोये फुटले हायेत का बाई?" नायक म्हणाला. "त्या दिवशी तुमी केस सोडून पिन घालून राह्यल्या होत्या, तवाच समजलं."

मी आत जाऊन चहा टाकला. सगळे ओसरीवर बसले. गाडी वरच्या आळीत गेली. तिथे गाठोड्यांवर गाठोडी चढताना दिसत होती आणि माझा जीव वरखाली होत होता. त्यांचाही होत असणार. नायक सारखा रस्त्याच्या वळणाकडे बघायचा, एक बाई नखं खात होती. पण कोणी उठून त्या दाराकडे गेलं नाही.

बस उशिरा आली. मामंजी डोळ्यांत औषध घालून, काळा चष्मा लावून, नवऱ्याचा हात धरून उतरले. ओसरीवरची सगळी माणसं उभी राहिली.

"बाबूजी, चाबी," नायक म्हणाला. रोजच्याच आवाजात. गाडी किती वेळची आली, भाव कोणता, एक शब्द नाही.

मामंजींनी नवऱ्याचा हात सोडला. काळ्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नसणार. जुडग्यात हात घातला, एक किल्ली निवडली. ती धान्याच्या कोठीची होती, मला लांबून ओळखू आली. घातली, फिरवली. कट्.

"बघ," ते नवऱ्याकडे वळून म्हणाले, "डोळे बंद असले तरी चालतं. हाताला माहीत असतं."

"तुमचा हात बसेल हाये बाबूजी," याडी म्हणाली.

मी पदर तोंडात धरला. हसू येत होतं की रडू, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मग धावपळ झाली. लोकांनी ढीग उपसले, गाठोडी बांधली, गाडीकडे पळाले. पण गाडी वरच्या आळीच्या मालाने जवळजवळ भरली होती. सगळ्यांचं कसंबसं कोंबून बसवलं, एक ढीग राहिला. याडीचा. गाडीवाला जागा नाही म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा तो केव्हा येईल आणि कोणत्या भावाने येईल, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. याडी गाडीच्या धुळीकडे थोडा वेळ बघत राहिली, मग परत आली आणि आपल्या ढिगावर लुगडं नीट पांघरून ठेवलं.

"तुझा राहिला का?" मामंजींनी विचारलं.

"राह्यला. पुढच्या गाडीले जाईन."

मामंजींनी दार ओढलं, कुलूप दाबलं आणि नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी धरून ते ओढून पाहिलं.

"पक्कं बसलंय," ते म्हणाले. "आता निर्धास्त घरी जा."

याडीने पेटीची चावी कमरेला खोचली.

"निर्धास्तच हाव बाबूजी," ती म्हणाली.